एकतर्फी रक्ततपासणी

श्रावणातला दुसरा सोमवार: सुनेच्या जनुकाचा अहवाल हाती आला. जबाबदार, काहीही समजावून न सांगता लाल अक्षरांत ‘दोष’ छापणारी खारघरची प्रयोगशाळा. त्यानंतरचा रविवार: जासईला भावकीच्या बैठकीत तो वाचला गेला. जबाबदार, बैठक बोलावणारे माझे थोरले बंधू आणि वाचणारा मी. मंगळवार: सून नावड्याला माहेरी गेली. जबाबदार, वरील सर्व.

पाचव्या महिन्यात बाळाचा पाठकणा मिटलेला नाही असे दिसले आणि गर्भ ठेवता आला नाही. कारण कळावे म्हणून तिचे रक्त तपासले गेले. भावकीत कोणताही छापील कागद आला की तो मी मोठ्याने वाचायचा, हा आमचा जुना रिवाज. भूसंपादनाच्या नोटिसा वाचल्या, तसाच हाही वाचला, अगदी स्वल्पविरामांसकट. सून चहाचे कप मांडत होती.

दादा म्हणाले, “आपले घरान असा कवा झाला नाय. पोरीचेच रगतान खोट हाय. पोराचा दुसरा लगीन बघू.”

एरवी मी ओळीओळीवर हरकत घेतो; त्या दिवशी अहवालाची घडी घातली आणि चहाचा कप उचलला.

नंतर सुनेच्या डॉक्टरीणबाईंना जाब विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, “काका, हे जनुक तुमच्यातही आहे. त्यापासून बनणारं एकच एन्झाइम फोलेट या जीवनसत्त्वाची तीन कामं करतं. तिच्यातला फरक कितीतरी बायकांत असतो, आणि त्यांना धडधाकट मुलं होतात. एवढ्यावरून कारण ठरत नाही. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊ द्या.”

“मग माझ्या मुलाचं रक्त का घेतलं नाही?”

“कोणी विचारलंच नाही.”

एका पक्षाची तपासणी करून आम्ही निकाल लावला होता. घरी येऊन सुनेला चार पानी पत्र लिहिले आणि स्वतः नावड्याला नेऊन दिले. तिने ते उघडलेही नाही.

“बाबा, वाचलंत सगळ्यांसमोर. आणि माफी पाकिटात?”

मुलगा रोज संध्याकाळी नावड्याला जातो आणि एकटाच परततो. घरात मला बसवत नाही, उभेही राहवत नाही.

म्हणून, दादा, येत्या रविवारी तीच बैठक पुन्हा बोलवा. माझी चूक मी उभा राहून सांगेन. ‘खोट’ हा शब्द आपण कोणत्या आधारावर उच्चारलात, याचे उत्तर त्याच माणसांसमोर, तिच्या उपस्थितीत, आपण द्यावे.