वापर नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मोताळ्याच्या तहसिलीत झालेल्या सुनावणीत मी खोटं बोललो, आणि एका म्हाताऱ्यानं ते खरं करून दिलं.

त्या म्हाताऱ्याला आम्ही सगळे चाचाच म्हणायचो. मी मोजणी खात्यात भूकरमापक. चाचा आमच्याबरोबर रोजानं यायचे, आधी साखळीचं दुसरं टोक धरायला, पुढे यंत्रं आली तेव्हा नुसता झेंडा धरायला. मोजायच्या जमिनीत शिरण्याआधी ते चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवत आणि पायाच्या अंगठ्यानं माती दाबून बघत. मी नकाशा उघडला की म्हणत, "साहेब, आंधी पाय, मंग पेन."

वाचता त्यांना येत नव्हतं. उर्दूत सही तेवढी येई. पण धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या त्यांच्या गावातला हद्दीचा एकेक दगड त्यांना पाठ होता. "हा गोऱ्या साहेबाच्या वक्ताचा. माह्या पडदादानं रोवला," असं सांगताना दगडावर हात असा ठेवायचे, जसा आपण नातवाच्या डोक्यावर ठेवतो.

या पडदादाच्या काळातली एक गोष्ट ते नेहमी सांगत. "आंधी इथं सारं गवतच होतं. विलायतच्या गिरण्याइले कापूस पाहिजे झाला, अन गवत नांगराखाली गेलं." मग सोयाबीनकडे बोट दाखवून हसत. "आता याची पेंड जहाजात बसून जाते म्हंतात. तिकडच्या कोंबड्या मोठ्या होऊन राह्यल्या, अन माह्या बकऱ्या उपाशी!"

या सगळ्यातून एक माळ तेवढा उरला होता. तुमच्याही गावाबाहेर असेल असा, जाता-येता उजाड वाटणारा. त्यावर चाचांच्या सहा बकऱ्या चरत. पावसाळ्यात बायका तरोट्याची भाजी खुडत, हिवाळ्यात पोरं बोरं वेचत. नकाशात मात्र त्याला नुसता एक नंबर होता.

त्या माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प यायचा ठरला. वीज लांबच्या कारखान्यांना, भांडवल त्याहून लांबचं. पंचनाम्याला मी आणि चाचा गेलो. मे महिना होता. वरिष्ठांचा फोन आलेला, अहवाल आजच पाहिजे. मी रस्त्याकडेच्या निंबाखाली बसलो आणि माळावर पाऊल न टाकता कागद भरला. 'सध्याचा वापर' या रकान्यात लिहिलं: 'पडीक. वापर नाही.' लिहिताना समोर त्या सहा बकऱ्या चरताना मला दिसत होत्या. हेही आज सांगून टाकतो.

"चाचा, पंच म्हणून इथं सही करा."

"वाचून तं दाखवा."

"नेहमीचंच आहे हो."

त्यांनी पेन हातात घेतलं. "तुम्ही लिहिलं म्हंजे बराबरच असन." आणि उजवीकडून डावीकडे, सावकाश, त्यांनी सही केली. त्या दिवशी आधी पेन झालं. पाय झालाच नाही.

गावानं हरकत घेतली तेव्हा पंचनाम्याची नक्कल बाहेर आली. चहाच्या टपरीवर त्यांच्याच वयाच्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन बे बुढ्या, माळाचा वापर नाही म्हंतोस? मंग तुह्या बकऱ्या काय हवा खाऊन जगल्या?" लोक हसले. चाचा उठून चालू लागले. मीही तिथंच होतो, कप हातात धरून.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी मला विचारलं, पंचनामा पंचांना वाचून दाखवला होता का? मी म्हणालो, "हो साहेब." मग त्यांनी चाचांना विचारलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अंगठ्यानं माती दाबून बघताना पाहायचे, तसं पाहिलं.

"हाव. दाखवला वाचून."

हरकत फेटाळली गेली. बाहेर आल्यावर मी कसंबसं विचारलं, "काऊन चाचा?"

"माळ तं जाऊनच राह्यला होता, साहेब. संगं तुमची नोकरी काहाले जाऊ द्याची? लेकरं लहान हायेत तुमची." चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "तुम्ही घाईत असान त्या दिवशी."

त्यानंतर गावात त्यांना माळ विकणारा म्हातारा म्हणू लागले. ज्यांनी एक रुपया पाहिला नाही, त्यांना. बकऱ्या त्यांनी वडनेर भोलजीच्या एका पाहुण्याकडे पाठवून दिल्या. मोजणीला येणं बंद केलं. दोन वर्षांनी ते गेले, ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

'पडीक' हा शब्द काही माझा नव्हे. शेतसारा येत नाही ती जमीन रिकामी, असं तो दगड रोवणाऱ्यांच्या काळापासून चालत आलंय. कापूस, पेंड, आता वीज. दर वेळी गरज लांबच्या कुणाची तरी होती, आणि पेन इथल्याच कुणाच्या तरी हातात. हे मला आता समजतं. पण समजल्यानं माझं अक्षर बदलत नाही.

मागच्या महिन्यात जाऊन आलो. तारेच्या कुंपणाआड काळ्या काचा, ओळीनं, पार टेकडीपर्यंत. चाचांच्या पडदादानं रोवलेला तो दगड आता कुंपणाच्या आत आहे. मी बाहेर धुऱ्यावर बूट काढले आणि अंगठ्यानं माती दाबून बघितली. मला काही कळलं नाही.

चाचांची मुलगी त्याच गावात राहते. ग्रामसभेत तिच्यासमोर उभं राहून मला एवढंच सांगायचं आहे, की पंचनामा मी वाचून दाखवला नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही.