पुष्पाबाईचं नाक

पुष्पाबाईचा दिवसाचा पहिला राग सूर्यावर निघायचा. सूर्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं हो, पण नवरा तो पाहायला जायचा ना!

गुणवंता शाळेत चपराशी. रोज सहाला उठायचा, पाण्याचा तांब्या घ्यायचा आणि घरामागच्या बकानीच्या झाडाखाली जाऊन बसायचा. पंधरा-वीस मिनिटांनी परत यायचा तो बडीशेप चघळत, चेहऱ्यावर असं समाधान घेऊन की पाहणाऱ्यानं हात जोडावेत.

"पुष्पा, काय सुंदर निंगाला वो आज सूर्य!"

"काल काय कुरूप होता?" पुष्पाबाई तव्यावरून मान वर न करता म्हणायची. "भाकर खा आन जा शाळेत."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघंही आडवे झाले होते. गुणवंता अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. फुप्फुसं अर्धी गेली होती, कसाबसा वाचला. घरी आला त्या दिवशी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं बिडी सोडायची शपथ घेतली, आणि तेव्हापासून या माणसाला जगातलं सगळंच गोड लागायला लागलं. बस वेळेवर आली, चांगलं झालं. बस चुकली, चला, पायी फिरणं झालं, तेही चांगलंच. अरे बाप्पा, माणसानं किती चांगलं म्हणावं? पुष्पाबाईला वाटायचं, एखाद दिवशी हा माणूस पायात काटा मोडला तरी काट्याचे आभार मानेल.

तिला आभार मानावेत असं काही सापडत नव्हतं. त्याच तापात तिला वास येणं बंद झालं होतं. बाकीच्यांचा वास पंधरा-वीस दिवसांत परत आला. हिचा गेला तो गेलाच. अडीच वर्षं झाली. दुसरी कोणी असती तर म्हटली असती, जाऊ द्या, जीव तर वाचला. पण पुष्पाबाईची भाकर नाकावर होती.

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अतुलभाऊंची संत्र्याची शेड आहे. वीसेक बाया तिथं रांगेनं बसून फळं निवडतात, लहान-मोठी वेगळी करतात, पेट्या भरतात. भरलेल्या पेटीवर जिनं भरली तिचा नंबर खडूनं टाकायचा. मग ती पेटी दाराशी सरकते, आणि दाराशी बसते पुष्पाबाई. झाकण ठोकायच्या आधी ती वाकायची, एकदा हुंगायची आणि म्हणायची, "जाऊ द्या." कधी म्हणायची, "खोला." खोला म्हटलं की खालच्या थरातून कुठूनतरी एक फळ निघायचंच, वरून पिवळंजर्द आणि बुडाशी मऊ पडलेलं. तसं एक फळ पेटीत राहिलं तर माल नागपूरच्या पुढं पोचेपर्यंत अर्धी पेटी हिरवी होते. वीस वर्षं तिचा शब्द चुकला नाही. गाडीवाले तिला 'नाकवाली पुष्पाबाई' म्हणायचे, आणि अतुलभाऊ व्यापाऱ्यांना फोनवर ऐटीत सांगायचे, "माल आमच्या पुष्पाबाईनं सोडला आहे, डोळे मिटून घ्या."

अशा बाईनं नाक गेलं हे सांगावं कसं? तिनं नाहीच सांगितलं. शेडमध्ये फक्त अर्चनाला ठाऊक होतं. अर्चना तिच्या बाजूला बसणारी, तिशीतली पोर, दोन लेकरांची आई. पेटीत तिला काही वावगं वाटलं की ती पुष्पाबाईला हळूच कोपर लावायची. पुष्पाबाई म्हणायची, "खोला." असे दोन हंगाम निघाले. पण अर्चनाचं नाक चारचौघींसारखंच. कधी चुकायचं. दर पेटीसमोर पुष्पाबाई खोटी वाकायची, खोटी हुंगायची, आणि दर वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यात यंदा शेडमध्ये एक नवं निघालं. अतुलभाऊंची बायको रश्मीताई. बाई मनाची चांगली, पण मोबाइलवर तिनं काहीतरी पाहिलं होतं. तीनच्या चहाला ती वही घेऊन यायची, बिस्किटं वाटायची आणि रोज एका बाईला विचारायची, "आज दिवसभरात कोणती छोटी गोष्ट चांगली वाटली? सांगा. मग मनात आभार माना." बाया बिस्किटाच्या नादानं काहीबाही सांगायच्या. चहात अद्रक होतं. ऑटोत बसायला जागा मिळाली. रश्मीताई सगळं लिहून घ्यायची.

त्या गुरुवारी पुष्पाबाईची पाळी आली.

"मले काई नाई दिसलं," पुष्पाबाई म्हणाली.

"असं कसं काकू, एखादी तरी..."

"माया घरी एक हाय सूर्य पाहणारा. त्याले बलावा. तुमची वही भरून देईन तो."

बाया खिदळल्या. तेवढ्यात अतुलभाऊ हातात मोबाइल घेऊन तरातरा आले आणि सगळ्यांचं हसू जागीच विरलं. व्यापाऱ्यानं फोटो पाठवला होता. उघडलेली पेटी, आत हिरवी बुरशी चढलेली संत्री, आणि फळीवर खडूनं सतरा नंबर. सतरा म्हणजे अर्चना.

"ही पेटी पुष्पाबाईच्या हाताखालून गेली तेव्हा चांगली होती," अतुलभाऊ म्हणाले. "त्यांचं नाक काही चुकत नाही. म्हणजे नंतर कोणीतरी चांगली फळं काढून सडकी घातली. घरी न्यायला काय वो अर्चना? उद्यापासून येऊ नको तू."

चोरीचा आळ! अर्चनानं चहाचा ग्लास खाली ठेवला. 'सांगा ना, पुष्पाबाई,' म्हणायला तिला काय जड होतं? पण तिनं मान वळवून पुष्पाबाईकडं पाहिलंही नाही. खाली फरशीकडंच पाहत राहिली, आणि तेच पुष्पाबाईला सहन झालं नाही.

गप्प बसलं तर सगळं वाचत होतं. दाराशेजारची जागा, रोजी, वीस वर्षांचं नाव. एक घोट चहा पिण्याइतका वेळ पुष्पाबाई गप्प बसलीसुद्धा. त्या एका घोटाची लाज तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली. मग तिनं ग्लास आपटला.

"ओ अतुलभाऊ! चोर म्हनू नका तिले. ते पेटी मीनं सोडली. मले वास येत नाई. अडीच वर्षं झाले, लोबानाचा येत नाई आन गटाराचाबी येत नाई. नाटक करून राहिली मी तुमच्यासमोर. हे पोरगी माया नाकाच्या जागी बसून होती, म्हनून इतले दिवस तुमचा माल वाचला. काढाचं तर मले काढा!"

रश्मीताई पुढं झाली आणि मऊ आवाजात म्हणाली, "काकू, मनाला लावून घेऊ नका. डोळे आहेत, हातपाय आहेत, जीव वाचला. जे उरलं आहे त्याच्याकडं पाहायचं."

झालं! भडका उडाला.

"काय उरलं ते मले मोजून दाखवू नका, रश्मीताई! मले ठावूक हाय मायं काय होतं ते. सकाळी या शेडचं शटर वर गेलं का रातभर कोंडलेला संत्र्याचा वास असा भस्सकन अंगावर येये. तुमाले वाटे पुष्पाबाई कामाची लई पक्की, सगळ्यायच्या आधी येते. काम गेलं खड्ड्यात! त्या वासासाठी येत होती मी, वीस वर्षं! माया पोरीले पोरगी झाली. पह्यल्यांदा मांडीवर घेतली, टाळू हुंगली तिची. काईच नाई! भिंत हुंगल्यासारखं. कोनाले सांगू मी हे? फोडनीतलं जिरं फुललं का जळलं, डोळ्यानं पाहा लागते मले. आन तुमी म्हनता एक चांगली गोष्ट सांगा. ह्याच होत्या माया चांगल्या गोष्टी! होत्या तवा कोनी इचारलं नाई, आन गेल्यावर वही घेऊन आल्या!"

रश्मीताईनं वही पाठीमागं नेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुष्पाबाईला त्याचाही राग आला. तिनं डबा उचलला, चपला पायात सरकवल्या आणि शेडबाहेर पडली.

बाहेर भिंतीला लागून टाकाऊ फळांचा ढीग असतो. गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. रोज दोनदा ती त्याच्या बाजूनं जायची. आज शिव्या पुटपुटत चालली होती. अतुलभाऊंना, त्या तापाला, वहीला, सूर्याला. आणि एकाएकी नाकात काहीतरी टोचलं.

धूळ असेल, तिला वाटलं. दोन पावलं पुढं गेली. पुन्हा टोचलं. कडवट, कुजट, ओल्या पोत्यासारखं. ती मागं फिरली. ढिगाजवळ वाकली, हाताला लागलं ते बुळबुळीत फळ उचललं आणि थेट नाकाला लावलं.

"सडकं!" ती ओरडली. "माय वो! सडकं हाय हे!"

बाया दारात गोळा झाल्या. पाहतात तर पुष्पाबाई ढिगात उभी, नाकाच्या शेंड्याला हिरवी बुरशी, डोळ्यांतून धारा, आणि हातातल्या फळाला खडसावते आहे, "इतले दिवस कुठी मेलतं रे? कुठी मेलतं?"

"डोक्यावर परिणाम झाला," कोणीतरी कुजबुजलं.

पुष्पाबाई तशीच आत शिरली. अर्चनाच्या सकाळपासूनच्या पेट्या दाराशी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. ती पहिल्या पेटीवर वाकली. काही नाही. ताज्या संत्र्याचा वास नव्हताच. दुसरी, तिसरी, चौथी, तिथंही काही नाही. सहाव्या पेटीवर ती थांबली. पुन्हा हुंगलं.

"खोला."

अतुलभाऊंनी स्वतः खोलली. तिसऱ्या थरातून एक फळ निघालं, वरून पिवळंजर्द, बुडाला बोटभर डाग. नुसता उग्र, सडका वास परत आला होता. चांगल्याचा आला नव्हता. पण येणाऱ्यानं निदान दार तरी वाजवलं होतं.

"उद्या दोघीही या," अतुलभाऊ हळू आवाजात म्हणाले.

"येतो. पन पह्यले तिले म्हना, चुकलं."

अतुलभाऊंनी इकडंतिकडं पाहिलं. वीस बाया त्यांच्याकडंच पाहत होत्या. "चुकलं, अर्चना," ते म्हणाले. अर्चनाला तेव्हा कुठं रडू फुटलं.

पुष्पाबाई घरी आली ती सडकं संत्रं पेपरात गुंडाळून, एखाद्यानं पेढे आणावेत तशी. गुणवंता बाजेवर बसला होता. तिनं पुडी त्याच्या नाकाखाली धरली.

"हुंगा!"

"अवो, सडकं हाय हे," त्यानं तोंड फिरवलं.

"हो न! सडकंच हाय! मले आला वास!"

गुणवंता उठलाच. "पाह्य! मी म्हनत नव्हतो? सगळं चांगलंच होते!" त्यानं आनंदाच्या भरात दोन्ही हातांनी तिला जवळ ओढलं. तिचं नाक त्याच्या शर्टाच्या खिशाशी आलं.

पुष्पाबाई हलली नाही. एकदा हुंगलं. दुसऱ्यांदा हुंगलं. गुणवंताचे हात आपोआप सुटले.

"बिडी," ती म्हणाली.

"अवो, शाळेत कोनी..."

"अडीच वर्षं! माया डोक्यावर हात ठेवून! म्हनून सूर्य! म्हनून बडीशेप! मले वास येत नाई म्हनून तुमचं सगळं सुंदर चाललं होतं, नाई?"

"एकच पेतो वो, सकाळची," गुणवंता म्हणाला.

मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. अकरा दिवस ऑक्सिजनच्या नळीकडं पाहत ती कशी बसली होती, डॉक्टर काय म्हणाला होता, अर्ध्या फुप्फुसाचा माणूस किती दिवस टिकतो, हे सगळं तिनं ओरडून सांगितलं. शेवटी त्यानं मुकाट्यानं बंडल आणि काडेपेटी काढून दिली. तिनं बंडल चुलीत टाकलं. मग उंबऱ्यावर बसली आणि हात तोंडाजवळ नेला. बोटांना तंबाखूचा वास होता. लग्न होऊन आली तेव्हापासून या घराचा, या माणसाचा हाच वास. अडीच वर्षं तिला याचीही भूक होती. पण हे ती त्याला मेली तरी सांगणार नव्हती.

"सकाळी सहाले उठवजा मले," ती म्हणाली.

"काहून?" गुणवंतानं भीत भीत विचारलं.

"बकानीखाली येतो मीबी, उद्यापासून रोज. तुमच्या तोंडाशी नाक लावून बसतो. पाहू कसा सुंदर निंगते तुमचा सूर्य."