सोमवारची सुट्टी

माकणीच्या कल्याणप्पांचा राग साऱ्या गावाला ठाऊक होता, पण मोबाईलवर इतकं खेकसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. पेंडीचं दुकान उघडून उदबत्ती लावली, मोबाईल पाहिला आणि त्यांनी गल्ल्यावर मूठच आपटली.

कारण कबड्डीचं. मोबाईलवरच्या खेळात त्यांचा संघ होता. सहा वर्षं पोरं निवडून, सराव ठरवून त्यांनी तळातला संघ पहिल्या गटात नेला होता. आणि नेम असा, की सोमवारी सराव नाही. त्यांच्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो महादेवाचा वार, नंदीचा विसावा. मग खेळाडूंना तरी का जुंपायचं?

आता कंपनीनं नियम बदलला. सराव रोज हवा. आजपासून एक दिवस जरी चुकला, तरी संघ तळाच्या गटात. आणि आज नेमका सोमवार.

"सातीच्या साती दिवस राबवायचं? माणसं हैत का मशिनी?"

त्यांनी तक्रार धाडली. उलट टपाली उत्तर आलं, 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोलाचं म्हणं! गारव्यात बसून नियम करायला ह्यांच्या बापाचं काय जातंय! एक दिस टेकू दिलं न्हाय तर पाठ मोडंल की पोरांची!"

सरावाच्या बटणाला एकदा बोट लावलं असतं, तर संघ वाचला असता. पण आप्पा हट्टाला पेटले. "जाऊ द्या खाली. म्या न्हाय दाबणार."

दारात टेम्पोतून सरकीची पोती उतरत होती. उतरवणारा बब्रुवान बावीस वर्षं तिथं हमाली करत होता. दुकानाला सुट्टी नव्हती, म्हणून त्यालाही नव्हती. त्यानं पोतं खाली ठेवलं, घाम पुसला.

"बराबर बोललात, आप्पा. मग मला बी सोमवारी सुट्टी द्या की."

"तुझं येगळं हाय."

"कसं?"

आप्पा जास्तच भडकले. "लई शाना झालास व्हय? उचल पोतं!"

बब्रुवाननं गमछा झटकून खांद्यावर टाकला आणि घरची वाट धरली.

टेम्पोवाला भोंगा वाजवू लागला. आप्पांनी तणतणत एक पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. चार पावलांत गुडघे टेकले, तेव्हा शिव्या द्यायलाही त्यांच्यात दम उरला नव्हता.