दाजींनी बांधलेलं कर्नेल

बहिणीच्या नवऱ्याला आपल्या वर्कशॉपमध्ये आणू नये, असं मी कुणालाही सांगेन. माणूस वाईट असतो म्हणून नाही, त्याच्यावर ओरडता येत नाही म्हणून. मी तोंडाचा फटकळ. कामगार, टेम्पोवाला, माल देणारे, सगळ्यांना माझा आवाज चांगला ओळखीचा आहे. पण दाजी समोर आले की तोंडातून आपसूक 'अहो' आणि 'बसा ना' निघतं, आणि राग गिळून गिळून माझंच पोट दुखायला लागतं.

दाजींचं उभं आयुष्य एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळण्यात गेलं. ते ऑफिस कुणीतरी विकत घेतलं आणि दाजी घरी बसले. खिडकीशी खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचे. ताई म्हणायची, "अरे, टाकी भरून वाहायला लागली की तिथल्या वॉचमनला फोन करतात. तेवढंच काम उरलंय ह्यांना." ती हसत हसत सांगायची, पण मला ती काय सांगतेय ते कळायचं.

त्याच सुमाराला माझ्या मोठ्या मिलिंग मशीनचा कंट्रोलर जळाला. या मशीनच्या टेबलावर लोखंडाचा ठोकळा आवळायचा आणि वरून फिरणाऱ्या कटरने तो हवा तसा कोरून काढायचा. कुठे किती सरकायचं आणि कुठे वळायचं, हे कंट्रोलर सांगतो. बनवणारे म्हणाले, हे मॉडेल आम्ही कधीच बंद केलं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. दाजींनी मशीनला एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "मशीन धडधाकट आहे, शेठ. नुसतं डोकं गेलंय. डोकं मी बसवतो." शेठ म्हणजे मी. लग्नाच्या मांडवापासून मला ते असंच चिडवत आलेत.

त्यांनी घरातला एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला आणि शेडच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. मग कर्नेल, कर्नेल आणि कर्नेल. मला समजलं तेवढं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे ठरवणारं जे असतं ते कर्नेल. साधं कर्नेल सगळ्यांचं मन राखतं. मोटरला विजेचा पुढचा ठोका द्यायची वेळ आली तरी "आलोच" म्हणतं आणि हातातलं काम आवरत बसतं. तेवढ्यात मोटर अडखळते आणि लोखंडावर पायरी उमटते. म्हणून दाजी लिनक्सचं, म्हणजे कुणालाही उघडून बदलता येणाऱ्या सिस्टिमचं, कर्नेल नव्याने बांधत होते, मोटरची वेळ झाली की हातातलं सगळं टाकून धावत जाणारं. एकेक ओळ वाचून हे ठेवायचं, ते काढायचं, मग सगळं पुन्हा बांधायला लावायचं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहायचा आणि दाजी त्याच्यासमोर चहा पीत बसायचे. शेवटी पडदा काळा पडायचा, काहीच सुरू व्हायचं नाही. दाजी खूश. "चला, एक तरी चूक सापडली," म्हणायचे.

किती उशीर होतो तेही ते मोजायचे. मी एकदा पडद्यावरचे आकडे बघून म्हटलं, "बहुतेक वेळा तर अगदी वेळेवर आहे की." त्यावर म्हणाले, "बहुतेक वेळा काय कामाचं? सगळ्यात वाईट क्षण बघायचा. मशीन त्याच क्षणाला बिघडतं." माणूस नुसता खुलला होता. ताईचा फोन आला, "अरे, हे आंघोळ करताना गुणगुणतात."

आणि तेव्हाच पहिल्यांदा ते झालं. आम्ही चहा घेत होतो. दाजी मला काहीतरी समजावत होते, आणि बोलता बोलता थांबले. डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. डावा हात शर्टाचं बटण चाचपत राहिला. मी म्हटलं, दाजी. उत्तर नाही. मग एकदम जिथे थांबले होते तिथूनच वाक्य पुढे सुरू. मला वाटलं, विचारात असतील. शहाण्या माणसाला तेवढी सूट द्यावी लागते.

ताई मात्र दुसऱ्याच दिवशी शेडवर आली. मला बाहेर, भंगाराच्या ढिगापाशी नेलं. "ह्यांना काहीतरी होतंय. मधेच हरवतात. अर्धा मिनिट, कधी जास्त. हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि नंतर त्यांना ठाऊकच नसतं." मी म्हटलं, डॉक्टर. ती म्हणाली, "तूच सांगून बघ."

मी सांगितलं. दाजी पोट धरून हसले. "डॉक्टरला काय सांगू? बायकोची तक्रार आहे की नवरा गप्प बसतो? अशी तक्रार घेऊन जाणारी जगातली पहिलीच बाई ती." ताईने एकदा फोनवर त्यांचं शूटिंग करून दाखवलं. ते त्यांनी लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाले, "विचार करत होतो. विचार करताना माणूस असाच बावळट दिसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, मी सेकंदाच्या लाखाव्या भागाचा हिशोब ठेवणारा माणूस. माझा अर्धा मिनिट गेला तर मला नाही कळणार?" मी तर हात टेकले.

माझ्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. कर्नेल बांधून झालं होतं, मशीन हलू लागलं होतं, आणि दाजी आता टेबलावरून उठून मशीनपाशी उभे राहू लागले होते. टेबलाचं हँडल फिरव, कटरजवळ बोट नेऊन अंतर बघ, असं सगळं. तो कटर माणसाचं बोट आणि लोखंड यात फरक करत नाही. त्या क्षणी दाजी हरवले तर? मी ताईला म्हटलं, मी त्यांना मशीनपाशी येऊच देत नाही. ती रडायला लागली. "परत खिडकीत बसवू का त्यांना? तू ते दिवस पाहिले नाहीस." ते दिवस मी पाहिले होते, म्हणून तो विचार सोडला.

मग मी मामांना सांगितलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांना म्हटलं, दाजी मशीनला हात लावतील तेव्हा तुम्ही मशीन झटक्यात थांबवायच्या लाल बटणापाशी उभं राहायचं, डोळ्यांत तेल घालून. मामांनी एका शब्दानेही विचारलं नाही, कारण त्यांनीही पाहिलं होतं. दाजींना वाटलं, मामांना शिकायची हौस आहे. ते मामांना तासन्‌तास कर्नेल समजावू लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी मामा माझ्याकडे येऊन म्हणाले, "शेठ, आता मला सगळं पाठ झालंय. कळत मात्र ओ का ठो नाही."

काम सुरू झालं आणि नवीनच पीडा निघाली. सकाळी निघालेला माल आरशासारखा. दुपारी शेडचे पत्रे तापले की एखाद्या नगावर बारीकशी पायरी यायची. दिवसाला एखादाच, पण यायचा. आमचा माल म्हणजे पंपांची झाकणं, आणि झाकण त्या पायरीसकट बसवलं तर पंप गळणारच. दाजी कामाला लागले. कर्नेलने कुठल्या क्षणी काय केलं याची नोंद ते काढायचे आणि चोर शोधायचे. मोटरच्या वेळेत कोण घुसलं? नोंद स्वच्छ. एकामागून एक सगळं रांगेत, कुणाचं नाव नाही. त्यांनी कर्नेल पुन्हा बांधलं. पायरी आली. पुन्हा बांधलं, पुन्हा आली. जेवणाचा डबा तसाच घरी जायला लागला. मला इतका राग यायचा, आणि काढायचा कुणावर? मी टेम्पोवाल्याला झापायचो.

शेवटी त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून ऑसिलोस्कोप मागून आणला. तारेतून जाणारे ठोके तो पडद्यावर दाखवतो. दुपारी तो मोटरच्या तारेला लावून बसले. बराच वेळ ठोके एकसारखे जात होते, आणि एकाएकी मधे मोकळी जागा दिसली. मग पुन्हा ठोके, जणू काही झालंच नाही.

"सापडला," दाजी म्हणाले. पण आवाजात आनंद नव्हता. मला शेजारच्या स्टुलावर बसवून त्यांनी सांगितलं. कॉम्प्युटरचा बोर्ड तापला की त्या बोर्डाचा स्वतःचा एक प्रोग्रॅम जागा होतो, पंखा वगैरे बघायला. तो कर्नेलला विचारत नाही. कर्नेलच्या खालून प्रोसेसर काढून घेतो, आपलं काम उरकतो आणि परत देतो. "कर्नेल तेवढा वेळ नसतंच. परत येतं तेव्हा जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागतं. म्हणून नोंद स्वच्छ. आपण नव्हतो, याची नोंद ते कुठून करणार?"

"मग कर्नेलमध्ये काही करता नाही येणार?"

"नाही. हे त्याच्या हातातलं नाही. कितीही चांगलं बांध. बाहेरून मोजल्याशिवाय कळतसुद्धा नाही."

मी ते ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. "दाजी, ताई तुम्हाला हेच सांगतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं, मामा लाल बटणापाशी उभे होते. मामांनी मान खाली घातली. दाजींना सगळं एकदमच उमगलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. बराच वेळ ते तारेशी चाळा करत राहिले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"मशीन हलायच्या आधीपासून."

"आणि किती वेळ जातो?"

"अर्धा मिनिट. कधी जास्त."

"अर्धा मिनिट," ते म्हणाले. त्यांना ते पटतच नव्हतं, माणसाला पटावं तरी कसं? थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर आमचं मोठं घड्याळ आहे, त्याच्याकडे बोट दाखवलं. "माझं आतलं घड्याळ बंद पडत असेल, पण ते तर चालू राहतं ना? मी त्याच्याकडे बघत बसेन. वेळ गेला तर काटा उडी मारलेला दिसेल. तसं दिसलं तर मी स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जाईन. नाही दिसलं तर तुम्ही दोघं बहीणभाऊ मला पुन्हा त्रास द्यायचा नाही."

मी कबूल झालो. दुसरं करणार तरी काय होतो?

मग रोज दुपारी दाजी स्टूल घेऊन घड्याळासमोर बसू लागले. नवीन बोर्ड मागवला होता, तो येईपर्यंत मशीन दुपारचं बंदच होतं. ते बसलेले, मी समोर कामाचे कागद घेऊन बसलेला, पण माझं लक्ष कागदात कुठलं? ते गप्पा मारायचे, चिडवायचे, पण नजर घड्याळावर. मी मनात म्हणत होतो, होऊ दे एकदा. लगेच दुसरं मन म्हणायचं, नको होऊ दे, कधीच नको होऊ दे. दोन्ही खरं होतं.

आणि एका दुपारी झालं. ते म्हणत होते, "नवा बोर्ड आला की आधी त्याला तापवायचं, मग—" आणि थांबले. डोळे घड्याळावरच होते. सेकंदकाटा त्यांच्या समोरून फिरत होता, चांगला अर्धा फेरा झाला, त्याच्याही पुढे गेला, आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत होते. डावा हात शर्टाच्या बटणावर गेला. मी "दाजी" म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मामा लांबून धावत आले आणि दारातच उभे राहिले. इतकं मोठं शेड माझं, तिथे माझ्या शब्दावर सगळं हलतं, आणि मी त्या स्टुलासमोर नुसता हात चोळत उभा होतो.

मग ते परतले. एकदा डोळे मिटून उघडले. "मग मोजायचं," त्यांनी वाक्य पूर्ण केलं. घड्याळाकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि माझ्याकडे वळून हसले. जिंकल्यासारखं हसले. "बघ. मघापासून बघतोय, काट्याने कुठेही उडी मारलेली नाही. व्यवस्थित चालू आहे."

काटा आधी कुठे होता, तेही त्यांच्या त्या अर्ध्या मिनिटाबरोबर पुसलं गेलं असावं. हा माणूस हरला असता तर बरं झालं असतं. तो जिंकला असं त्याला वाटत होतं, आणि ते काढून घ्यायचं माझ्याकडे होतं.

"दाजी," मी म्हटलं, "आत्ता झालं."

ते हसतच राहिले थोडा वेळ. मग हसणं ओसरलं. त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. माझे डोळे वाहत होते ते मला तेव्हा कळलंच नाही, त्यांना दिसले असावेत.

"मी बघत होतो रे," ते म्हणाले. "डोळ्यांसमोर होतं."

"हो. बघत होतात."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि गप्प राहिले. हे गप्प राहणं वेगळं आहे, यात ते आहेत, हे मला दिसत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. मशीनचं टेबल त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं. त्यांनी ते एकदा पाहिलं, आणि मग लहान मूल रस्ता ओलांडताना करतं तसा हात माझ्यापुढे केला.

"मला इथून लांब नेऊन बसव," म्हणाले.