पांढरीच्या पोटात

मी इतिहास शिकवायचे, तेही पोटतिडकीने. रोज बार्शीहून एसटीने त्या गावच्या शाळेत जायचे आणि पुस्तकातले सातवाहन ऐकून मुलं जांभया द्यायला लागली की खिडकीबाहेर बोट दाखवायचे. शाळेमागे पांढरीचं टेकाड होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव पडलं, त्यावर दुसरं वसलं, तेही पडलं, असा तो ढिगारा झालेला. पावसाने माती धुपली की खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी वर यायचे. मी ते रुमालात बांधून आणायचे. शिक्षकांच्या खोलीत माझं नाव 'खापरवाली' पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

गावाला ते टेकाड वेगळ्याच कारणाने लागायचं. तिथली माती चिवट. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, तिचा थर दिला की पाणी ठिबकत नाही. दर उन्हाळ्यात बायका टोपल्या घेऊन जायच्या. आधी भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकू ठेवायच्या, मग खणायच्या. नियम एकच होता: वरून खाली खणत यायचं, पांढरीच्या पोटात शिरायचं नाही. म्हाताऱ्या सांगत, देवीच्या कोपाने ते गाव एका घटकेत पालथं पडलं आणि माणसं अजून आतच आहेत. "त्येंला सोबत लागती, बाई," एक आजी मला म्हणाली होती. मी हसले आणि घरी येऊन ते वहीत लोककथा म्हणून उतरवून ठेवलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एकदा मला भाजलेल्या मातीची, मधोमध भोक असलेली चकती आणून दिली. सूत कातायच्या चातीला लावायची ती. मी इतकी हरखले की त्यांना वर्गात बोलावून मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या पदराने तोंड झाकून हसत राहिल्या. मग एक मणी आला, पणतीचा काठ आला, एका चिमुकल्या भांड्याचा तळ आला. "ही कुनाची आसंल वो? माझ्यावानीच रांदत आसंल की," त्या म्हणायच्या, आणि त्या काळच्या बायका काय दळायच्या, काय ल्यायच्या, हे मी त्यांना सांगत सुटायचे. माझा तर सोलापूरला प्रदर्शन मांडायचा बेत ठरला होता. एकदा फळ्यावर टेकाडाचे थर काढून मी मुलांना म्हणाले, "जितकं खाली, तितकं जुनं." हातात खिचडीचा डाव घेऊन मावशी दारात उभ्या होत्या.

त्यानंतर त्यांनी आणलेल्या वस्तूंना ओली माती लागलेली असायची. भर उन्हाळ्यात वरची माती कोरडीठाक असते; ओल असते ती आत. हे मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी विचारलं, "कुठून काढता हो?" "हाय की एक जागा," त्या म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. मी हावरट झाले होते, त्याला दुसरा शब्द नाही.

एका सकाळी शाळा भरायच्या आधी मीच टेकाडावर गेले. मागच्या अंगाला माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं आणि भोकाबाहेर मावशींच्या चपला. वरच्या मातीला बोटभर भेग पडली होती. तिच्यातून माती गळत होती, थोडी थोडी, पण थांबत नव्हती. मी हाक मारली.

"आलात व्हय, बाई! आख्खी चूल हाय हितं. राखबी हाय!"

एवढा आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. 'बाहेर या' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "राख हलवू नका. तशीच राहू द्या, मी बघते."

आणि मी वाकले तोच वरची माती खाली बसली. आवाज फारसा झालाच नाही.

माझ्या ओरडण्याने माणसं धावली, खोरी आली. मी नखांनी उकरत होते. दुपारी त्यांना बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. पंचनाम्याला आलेल्यांना गावाने सांगितलं, माळवदाला माती काढताना दरड कोसळली. त्यांनीही तसंच लिहून घेतलं. मी तिथेच उभी होते आणि गप्प होते.

तेरावा झाल्यावर मी मावशींच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी छताकडे पाहिलं.

"बाई, औंदा आमी माळवद शिमग्यालाच केलं. माती लागतच नव्हती. मग आत कशाला गेली आसंल ती? तुमच्यासंगं लई बोलायची. तुमाला कायतरी बोलली आसंल की."

"नाही हो, आजी," मी म्हणाले. "मला काहीच बोलल्या नाहीत."

त्यांनी मान डोलावली, उठून माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी तो प्याले.