बुडालेल्यांना विचारून बघ

परळीच्या बसस्थानकामागं, मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत उज्ज्वला आणि रामप्रसादची कंपनी होती. दोघं कॉलेजचे सोबती. गोदामातली कापसाची गाठ न हलवता तिची मालकी विकता यावी म्हणून ते गाठीमागं डिजिटल टोकन काढायचे. जिनिंगवाले हळूहळू जोडले जात होते, पण पदरचा पैसा संपत आला होता. अशात बंगळुरूच्या अमरसिंह नावाच्या गुंतवणूकदाराचा होकार आला. पैशाच्या बदल्यात तो त्यांची टोकनं घेणार होता. शुक्रवारपर्यंत सही हवी, असं त्यानं कळवलं.

रामप्रसाद पेढे घेऊन आला. उज्ज्वलानं पेढा नुसता हातात धरला.

"कावून गं? आता काय झालं?"

"एवढी घाई कशाची हाय त्याला? त्यानं आपल्याला इतकं खोदून विचारलं. आपण काय विचारलं?"

"देणाऱ्याला कोण विचारतंय?"

त्या दिवसापासून तिचं बूड खुर्चीला टेकेना. उठायची, काचेवर बसलेली वीजकेंद्राची राख पुसायची, परत बसायची. अमरसिंहनं चौकशीसाठी दोन कंपनीवाल्यांची नावं दिली होती. दोघांनीही तोंडभरून कौतुक केलं, आणि तिचा जीव जास्तच खालीवर व्हायला लागला. दोघांच्याही कंपन्या जोरात होत्या. ते वाईट कशाला बोलतील? मग तिनं अमरसिंहच्या पैशावर उभी राहून बंद पडलेली, टोकनं काढणारीच एक कंपनी शोधून काढली. ती पुण्याच्या सायलीची होती. सायलीनं आधी फोन घेतला नाही, नंतर आपणहून केला.

"माणूस गोड आहे," ती म्हणाली. "टोकनाचा भाव चढत होता तोवर रोज बोलायचा. घसरायला लागल्यावर आपली सगळी टोकनं विकून मोकळा झाला. त्यामुळं भाव आणखी कोसळला. करारात तशी मुभा होती. आम्ही वाचलं होतं, विचारलं मात्र नव्हतं."

उज्ज्वलानं लगेच अमरसिंहला फोन लावला. "सर, तीन वर्षं टोकन विकणार नाही, असं लिहून द्याल?"

तो हसला. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. तरी लिहून द्या."

"सहा महिने. त्यापुढं कुणी देत नसतं."

तिनं नकार दिला. समोर बसलेला रामप्रसाद ताडकन उठला. "मला इचारायचं तरी! ह्या कंपनीपायी मी पुण्याची नोकरी सोडलीय."

"चुकलं माझं. पण तू हो म्हणला असतास."

"म्हणलोच असतो!"

तो जिना उतरून गेला आणि महिनाभरात पुण्याला नोकरीवर रुजू झाला.

पुढं सायलीच्याच ओळखीनं नांदेडच्या सुंदररावांनी पैसा घातला. अमरसिंहपेक्षा बराच कमी, पण तीन वर्षांची अट त्यांनी कुरकुर न करता मान्य केली. सही करण्याआधी उज्ज्वलानं त्यांचा पैसा घेऊन बुडालेल्या कंपनीवाल्यांनाही गाठलं होतं. यंदा कापसाचा भाव पडला, टोकनाचाही पडला; सुंदररावांनी विकलं नाही. रामप्रसादचा अधूनमधून फोन येतो. कंपनी कशी चाललीय, हे तो विचारत नाही. तीही सांगत नाही. फोन ठेवला की ती उगाच खोलीभर फिरत राहते.