कादंबरी घेऊन गेलो, स्तोत्रं तपासून आलो

मंडळी, सात वर्षं खपून लिहिलेली माझी विज्ञान कादंबरी आज नगरच्या एका प्रकाशकांकडे नेली. पुण्यातल्या चौघांनी ती आधीच नाकारली आहे, त्यामुळे सकाळी बेलापूरहून एसटीत बसताना अपेक्षा माफकच होत्या.

प्रकाशकांनी हस्तलिखिताची पिशवी उचलून वजन पाहिलं. "लई जाड हाय, सर. कशावर हाय?"

"शनीच्या एका चंद्रावर माणसं राहायला जातात, त्यावर."

"शनीचं खपतं आपल्याकडं. साडेसातीचे उपाय हाय का त्यात?"

"नाही. तिथे पाणी कसं मिळवायचं, त्याची गोष्ट आहे."

"पाणी इथंबी न्हाई. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?"



मग मी आल्याआल्या करून दिलेली ओळख आठवून त्यांनी विचारलं, "तुमी संस्कृत शिकवता ना? आलाच हाय तर एवढं बघा." समोर स्तोत्रसंग्रहाची प्रुफं आली. शिक्षकाची खोड, दुपारपर्यंत लाल पेन चालवत बसलो. निघताना त्यांनी माझी पिशवी आठवणीने परत दिली, गाठसुद्धा न सोडता.

"पुस्तकावर संपादक म्हणून तुमचं नाव टाकतो," ते म्हणाले. मला नको म्हणवलं नाही. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच माझं नाव पुस्तकावर येणार आहे आणि आत माझं एक वाक्यही नसेल.

आता सहावा प्रकाशक शोधायची उमेद नाही, तेव्हा पत्ते सुचवू नका. एवढंच सांगा, अशी कादंबरी तुमच्यापैकी एकाने तरी वाचली असती का? मन राखायला हो म्हणू नका.